अजगराचा पत्ता

या प्रकरणात कोणाला काय मिळणार होतं, ते आधी मांडून टाकतो. नंतर वादावादी नको.

सर्वांत जास्त मिळणार होतं माझ्या मेव्हण्याला, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाला. आमच्या लग्नापासून त्याचं एक म्हणणं आहे, की ताईला याहून बरं स्थळ मिळालं असतं. तोंडाने तो हे कधीच बोललेला नाही. तो आमच्याकडे आला की पंख्याकडे बघतो, मग नळाकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "चालतंय ना?" मला संगणकाची भाषा शिकवायला घेतली, की हे म्हणणं त्याला पुराव्यानिशी सिद्ध करता येणार होतं. मी शिकलो, तर 'भाऊजींना मी तयार केलं'. नाही शिकलो, तर 'मी आधीपासून सांगत होतो'. दोन्ही बाजूंनी जमाच. असा व्यवहार मला उभ्या आयुष्यात सापडला नाही.

वरच्या मजल्यावरच्या नानांना थोडं कमी मिळणार होतं. नाना टेलिफोन खात्यातले निवृत्त इंजिनिअर. अख्ख्या नोकरीत त्यांनी जमवलेलं ज्ञान एका वाक्यात मावतं: "बंद करून परत चालू करा." इमारतीत त्यांना सगळे चालूबंदनाना म्हणतात; समोर नुसतं नाना. लिफ्ट अडकली, टीव्ही गेला, तळमजल्यावरच्या जोडप्याचं भांडण झालं, सगळ्याला त्यांचा एकच उपाय. आपलं वाक्य एकदा तरी, चारचौघांत, निर्विवाद खरं ठरावं, एवढीच त्या माणसाची शेवटची इच्छा होती.

मला मिळणार होती एक खुर्ची.

बायकोला काहीच मिळणार नव्हतं. म्हणून तिचा रकाना मी आखलाच नव्हता.

खुर्चीचं असं होतं. आमचं ऑफिस पाण्याच्या मीटरचं. कोणाच्या नळातून किती पाणी गेलं, हे लिहून ठेवणं हे आमचं काम, आणि नंतर ते कुठे लिहिलं हे शोधणं हेही आमचंच काम. तर साहेबांनी एक परिपत्रक काढलं. दुसऱ्या मजल्यावर 'विश्लेषण कक्ष' सुरू होणार. तिथे एसी, नवे संगणक, फिरत्या खुर्च्या आणि खिडकी. उरलेल्यांची रवानगी तळघरातल्या अभिलेख कक्षात. आमच्या तळघरात छतावरून पाण्याची जाडजूड वाहिनी गेली आहे आणि ती गळते. पाणीखात्याच्या इमारतीत गळणारं हे पाणी आजवर कोणत्याही मीटरवर आलेलं नाही. वर जायला लिफ्ट आहे; खाली जायचा जिना मात्र अरुंद, आणि माझे गुडघे आता एकेका पायरीची स्वतंत्र नोंद घेतात. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलेली. ती वर जातात की खाली, एवढाच प्रश्न होता.

परिपत्रकात म्हटलं होतं, की पायथन या संगणकीय भाषेचं प्राथमिक ज्ञान असणाऱ्यांचा नव्या कक्षासाठी 'विचार केला जाईल', आणि इच्छुकांनी सोमवारी स्वतःच्या संगणकावर एक लहानसा प्रोग्राम चालवून दाखवावा. 'विचार केला जाईल' हे वाक्य मी स्वतः लोकांच्या अर्जांवर इतक्या वेळा लिहिलं आहे, की त्याचा अर्थ माझ्याइतका कोणाला माहीत नसेल. त्याचा अर्थ असतो, काहीही केलं जाणार नाही. पण तेच वाक्य साहेबांच्या सहीखाली दिसल्यावर मी त्यावर विश्वास ठेवला. हलवायानेच मिठाई विकत घ्यावी, तसं झालं.

पायथन म्हणजे अजगर. ऑफिसात दुपारपर्यंत सगळे त्याला अजगरच म्हणायला लागले. "काय, अजगर पाळला का?" वगैरे. रोखपालबाईंनी मात्र परिपत्रकाची घडी घालून ती डगमगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. मी मनात म्हटलं, बाई, तुमचं तळघर नक्की.

आता संगणक. घरात एकच लॅपटॉप, तो बायकोचा. म्हणजे तिचाही नाही, तिच्या प्रेसचा. बायको घरी बसून पुस्तकांची पानं लावते. कुठे चित्र, कुठे मजकूर, किती जागा सोडायची, हे सगळं ती ठरवते. पुस्तक छापून आलं की आत लेखकाचं नाव असतं, चित्रकाराचं असतं, मुद्रकाचं असतं, कागद पुरवणाऱ्याचंही असतं. पानं लावणारीचं नसतं. पण या वेळी पक्ष्यांवरचं एक मोठं पुस्तक होतं आणि त्यावर तिने इतका जीव ओतला होता, की प्रेसच्या मालकांनीच आपण होऊन सांगितलं, "बाई, या खेपेला आतल्या पानावर 'मांडणी' म्हणून तुमचं नाव टाकू. शेवटची फाईल तुमच्या हातून येऊ द्या." ही बातमी तिने मला भाजी निवडताना दिली, खाली मान घालून. मी "अरे वा" म्हणालो. मला वाटतं पेपर वाचता वाचता म्हणालो.

शनिवारी मी लॅपटॉप मागितला.

"दुपारपर्यंत घ्या," ती म्हणाली. "माझी शेवटची पानं राहिलीत. सोमवारी फाईल द्यायचीय."

"दुपारपर्यंत तर शिकूनही होईल."

"शिका. पण माझ्या कशाला हात लावू नका हं."

तिच्या कशाला मी हात लावणार? मी आपला अजगर इंटरनेटवरून उतरवून घेतला आणि बसवायला घेतला. पडद्यावर एक चौकट आली. मधोमध ठळक अक्षरात 'बसवा'. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, एक रिकामा चौकोन, आणि त्याच्यापुढे 'पाथमध्ये जोडा' अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत. आता माझी नोकरी फॉर्मांमध्ये गेली आहे. खाली बारीक अक्षरात जे लिहिलेलं असतं त्याच्यापुढे आपण होऊन टिक करणारा माणूस पुढे चौकशीला सामोरा जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मी तो चौकोन सोडला. अजगर बसला. पडद्यावर चक्क अभिनंदन आलं.

मग मेव्हण्याने सांगितल्याप्रमाणे ती काळी पाटी उघडली. संगणकात एक काळी पाटी असते, तिच्यावर हुकूम लिहायचा आणि एंटर मारायचं. मी लिहिलं, 'पायथन'. उत्तर आलं, की 'पायथन' ही आतली किंवा बाहेरची आज्ञा म्हणून ओळखता येत नाही.

आतली ना बाहेरची! अरे, आत्ता तूच अभिनंदन केलंस ना माझं? मी परत लिहिलं. परत तेच. तिसऱ्यांदा जरा जोरात एंटर मारलं. तेव्हाही तेच, त्याच सुरात. माणूस असता तर निदान दुसऱ्यांदा आवाज चढवला असता.

मेव्हण्याला फोन लावला. त्याच्या आवाजात असा आनंद होता, की जणू तो सकाळपासून फोन हातात धरूनच बसला असावा.

"टिक केली नसणार, भाऊजी."

"कसली टिक?"

"खाली चौकोन होता ना? जाऊ दे. सगळेच नवखे चुकतात तिथे."

"मी नवखा नाही. मी सावध आहे."

"हो, तेच म्हणतो मी. आता ऐका. संगणकाला घरात काय काय आहे ते आपोआप कळत नसतं. त्याच्याकडे पत्त्यांची एक यादी असते. तिला म्हणायचं पाथ. तुम्ही हुकूम सोडला की तो यादीतल्या एकेका पत्त्यावर जाऊन विचारतो, इथे आहे का हो कोणी अजगर? तुमच्या अजगराचा पत्ता यादीत नाही. म्हणजे तुमचा अजगर नाही."

"पण तो आहे! घरातच आहे. मी आत्ता बसवलाय."

"ते तुम्ही म्हणता. यादी म्हणते का?"

एवढं बोलणं मात्र मला लख्ख कळलं. आमच्या खिडकीशी माणूस येतो, घाम पुसत सांगतो, की साहेब, माझ्या घरात नळ आहे, मी त्याचं पाणी पितो. आम्ही रजिस्टर बघतो आणि म्हणतो, तुमचा नळ नाही. त्याचा चेहरा कसा होत असेल, ते मी त्या शनिवारी आतून पाहिलं.

मग त्या यादीपर्यंत जायचा रस्ता. सेटिंगमध्ये जा, तिथून आत जा, तिथून 'प्रगत' मध्ये जा, तिथे सगळ्यात खाली एक बटण. ऑफिसातली फाईलसुद्धा साहेबांपर्यंत याहून कमी टेबलांवरून जाते. बटण दाबल्यावर दोन खाने उघडले. वरचा खाना वापरकर्त्याचा, खालचा यंत्रणेचा. जन्मात पहिल्यांदाच माणूस वर आणि यंत्रणा खाली अशी मांडणी पाहिली, आणि अर्थातच माझा तिच्यावर विश्वास बसला नाही. काम पक्कं करायचं तर यंत्रणेकडेच करावं, म्हणून मी खालच्या खान्यात गेलो. तर तिथली बटणं फिकी. दाबली तरी दबत नव्हती. खटपट केल्यावर प्रशासकाचा पासवर्ड मागितला गेला. आणि पासवर्ड प्रेसकडे.

"अगं, तुझ्या मालकांना जरा विचार ना."

"काय सांगू? की ह्यांना अजगर पाळायचाय?"

"काहीही सांग. प्रिंटर जोडायचाय म्हण."

"आपल्याकडे प्रिंटर कुठाय?"

"त्यांना काय माहीत?"

तिने टेबलावरचा फोन घेतला. मग आत गेली, दार लोटून घेतलं आणि फोन केला. बाहेर आली तेव्हा तळहातावर पेनने पासवर्ड लिहिलेला होता. "लिहून घ्या आणि मला हात धुऊ द्या," एवढंच म्हणाली. खोटं बोललं की तिला हात धुवायची सवय आहे. लग्नाआधीची असेल.

पासवर्ड घातला, खालचा खाना उघडला. पाथ नावाच्या ओळीवर टिचकी मारली, तर आत पत्त्यांची लांबच लांब रांग. कोणाकोणाचे पत्ते, देव जाणे. मी शेवटी माझ्या अजगराचा पत्ता चिकटवला, ओके, ओके, ओके केलं आणि मागे उघडीच असलेल्या काळ्या पाटीवर लिहिलं, 'पायथन'.

आतली ना बाहेरची.

एवढ्यात दार वाजलं. नाना. आमच्याकडे काही बिघडलं की ते त्यांना वरच्या मजल्यावर कसं कळतं, हे मला कधीच समजलेलं नाही. बहुधा माझा आवाज वर जात असावा.

"काय अडलंय?"

"काही नाही नाना, पत्ता टाकलाय, पण ओळखत नाही."

नानांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "बंद करून परत चालू करा."

"नाना, हे लिफ्टचं नाही. हे पाथचं आहे."

"लिफ्टलाही पाथच असतो."

आता या माणसाशी काय बोलायचं? बायकोचं डोकं दुखतं असं एकदा म्हणालो होतो, तेव्हाही यांनी हेच वाक्य काढलं होतं. अर्थ काय ते त्यांनाही सांगता आलं नाही. मी त्यांना खुर्ची दिली आणि परत मेव्हण्याला फोन लावला. तो दाढी-कटिंगला बसला होता. मागे कात्रीचा आवाज येत होता.

"पत्ता बरोबर टाकला?"

"अक्षर न् अक्षर."

"मग आधीचं काहीतरी आडवं येत असेल. बघा जरा तिथे काय कचरा आहे," असं म्हणून त्याने फोन ठेवला, कारण वस्तरा गळ्याशी आला होता. मला वाटतं तो जरा उशिराच आला.

मी परत ती रांग उघडली. आणि इथे माझं शिक्षण आडवं आलं. आमच्या ऑफिसचा एक नियम आहे, आणि तो मोडणाऱ्याला मी स्वतः मेमो दिलेला आहे: जुन्या नोंदी रद्द केल्याशिवाय नवी नोंद घेऊ नये. एका घराच्या नावावर तीन-तीन मीटर चालू राहतात ते त्याशिवाय का? इथे तर सगळाच सावळागोंधळ. कोणाचीच तारीख नाही, कोणाची सही नाही. मी वरून सुरुवात केली. ओळ निवडायची, 'काढून टाका' दाबायचं. कोणी हरकत घेतली नाही. एकेक ओळ जात होती आणि मनाला अशी शांतता वाटत होती, जशी वर्षाअखेरीला कपाट रिकामं केल्यावर वाटते. शेवटी स्वच्छ पांढऱ्या चौकटीत एकच ओळ उरली. माझ्या अजगराचा पत्ता. ओके केलं.

"चहा घ्या," बायको म्हणाली. लॅपटॉपवर चहा सांडू नये म्हणून मी सगळं आवरून बंद केलं. चहा झाल्यावर काळी पाटी नव्याने उघडली, लिहिलं, 'पायथन'.

अजगर हजर! आपलं नाव, आवृत्ती, तारीख, सगळं सांगून तीन बाण उभे करून तो माझ्या हुकुमाची वाट बघत थांबला. मी ओरडलोच. नाना टाळ्या वाजवायला लागले. मेव्हण्याला फोन केला, कापलेल्या केसांनिशी तो म्हणाला, "सांगितलं होतं ना, कचरा आडवा येत होता." त्या दिवशी दुपारपर्यंत मी मीटरच्या नोंदींची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला. तीन मीटर टाकले, तिन्हींची बेरीज आली. वहीत ताडून पाहिली. बरोबर. या वयात मनाला इतकी उभारी मिळत नाही हो. मी बायकोला दाखवलं. ती म्हणाली, "छान. आता उठा."

मी उठलो. ती बसली. तिच्या प्रेसच्या संगणकवाल्याने तिला पडद्यावर एक पक्ष्याचं चिन्ह करून दिलं होतं. त्यावर टिचकी मारली की मांडणीचा प्रोग्राम सुरू व्हायचा. तिने टिचकी मारली. एक काळी पाटी क्षणभर चमकली आणि नाहीशी झाली. तिने परत मारली. परत चमकली. तिसऱ्यांदा तिने मान पुढे करून त्या क्षणात जेवढं वाचता आलं तेवढं वाचलं आणि माझ्याकडे वळून शांतपणे विचारलं, "अहो, आतली किंवा बाहेरची आज्ञा म्हणजे काय?"

मी काढून टाकलेल्या त्या रांगेत तिचाही पत्ता होता.

संध्याकाळी मेव्हणा जातीने आला. आल्या आल्या पंख्याकडे बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग माझ्याकडे.

"सगळे काढलेत?"

"तू कचरा म्हणालास."

"मी बघा म्हणालो होतो भाऊजी. काढा म्हणालो नव्हतो!"

"दादा, ते नंतर भांड," बायको म्हणाली. ती त्याला दादा म्हणते, लहान असून, लाडाने. "आधी माझं चालू कर."

दादा म्हणाला, काढलेल्या ओळी आठवा. मला दोनच आठवल्या, त्यातली एक बहुधा माझी मीच रचलेली होती. मग त्याला युक्ती सुचली. त्याने आपल्या घरच्या लॅपटॉपमधली यादी फोनवर स्वतःच्या बायकोकडून वाचून घेतली, वहिनी बिचाऱ्या उलट्या तिरक्या रेघांसकट सगळं सांगत होत्या, आणि ती जशीच्या तशी आमच्याकडे उतरवली. तिच्यात अर्ध्या पत्त्यांमध्ये त्याचंच नाव होतं. म्हणजे आता माझ्या बायकोचा संगणक हुकूम ऐकला की तिच्या माहेरच्या माणसाच्या घरी जाऊन चौकशी करत होता. तिथे तिचं काहीच नव्हतं. चौकशी करून तो रिकाम्या हाताने परत येई आणि तेच वाक्य सांगे.

"बंद करून परत चालू करा," नाना म्हणाले. ते सकाळपासून उठलेच नव्हते. कोणाकडेच दुसरं काही नव्हतं, म्हणून बंद करून परत चालू केलं. काही झालं नाही. नाना म्हणाले, "आणखी एकदा." आता अजगरसुद्धा हजर होईना, कारण मेव्हण्याने यादी उतरवताना माझी ओळ पुसली होती. त्यात मुद्दाम काही नव्हतं, असं तो म्हणतो. मी मान्य करतो. मी फक्त टिपून ठेवतो.

बायको मध्ये एकदाही ओरडली नाही. ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती आणि पडद्याकडे असं बघत होती, जसं दवाखान्याच्या बाकावर बसलेलं माणूस आतल्या दाराकडे बघतं.

रविवारी सकाळी तिने मालकांना फोन केला. त्यांनी संगणकवाल्याला पाठवलं. मेव्हणा आणि नाना आधीच येऊन बसले होते. सुट्टीच्या दिवशी उठवलेला माणूस; चपला दारात काढल्या नाहीत, पाणी विचारलं तर मान हलवली नाही. लॅपटॉप उघडला, यादी पाहिली आणि विचारलं, "हे कोणी केलं?"

मी तोंड उघडलं. मेव्हण्याने पंख्याकडे पाहिलं.

"माझ्याकडून झालं," बायको म्हणाली.

मी तोंड मिटलं. उघडलेलं तोंड मिटायला काहीतरी कारण लागतं, म्हणून मी जांभई दिली.

मग त्या गृहस्थाने काय काय झालं ते तिला विचारून घेतलं आणि तिला उभं करून शाळा घेतली. आम्ही तिघे पुरुष तिच्यामागे रांगेत. "बाई, भाषा बसवताना खाली टिक करायचा चौकोन असतो. तो केला असता तर हे काहीच करावं लागलं नसतं. बरं, नाही केला. वरच्या, स्वतःच्या खान्यात पत्ता टाकायचा होता, पासवर्डच लागला नसता. खालच्या खान्यात कशाला गेलात?"

"वाटलं, पक्कं होईल," बायको म्हणाली. माझंच कारण. मी तिला ते कधी सांगितलं होतं, आठवत नाही.

"आणि पत्ता टाकल्यावर चाललं नाही म्हणून बाकीचे पुसलेत ना? काळी पाटी उघडीच ठेवली असणार. उघड्या पाटीला नवी यादी कळत नाही, बाई. पहिल्याच वेळी काम झालं होतं. नुसती बंद करून परत चालू करायची होती."

मग नानांच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. त्यांनी तो खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला, पण आयुष्यभराची इच्छा पूर्ण झाल्याचा आवाज खोकल्यात मावत नाही. ते माझ्याकडे वळले. डोळे भरून आले होते. "बंद करून," ते म्हणाले, आणि पुढचं त्यांना बोलवेना.

"प्रिंटर कुठाय?" जाता जाता संगणकवाल्याने विचारलं. "मालक म्हणत होते, प्रिंटर जोडायला पासवर्ड घेतला म्हणून."

बायको नळाशी जाऊन हात धुऊ लागली. तो लॅपटॉप काखेत मारून घेऊन गेला.

पानं गेली नव्हती, सगळी आतच होती. पण फाईल सोमवारीच हवी होती. प्रेसमध्ये दुसरे एक मांडणीकार होते. त्यांनी ती उघडली, राहिलेली पानं लावली आणि दिली. शेवटची फाईल त्यांच्या हातून गेली.

सोमवारी मी रिकाम्या हाताने ऑफिसात गेलो. वाटेत कारणं जुळवत होतो. लॅपटॉप प्रेसने नेला हे खरं कारण त्यातल्या त्यात सगळ्यात खोटं वाटत होतं. साहेबांच्या दारात इच्छुकांची रांग असेल असं वाटलं होतं. कोणीच नव्हतं. साहेब फोनवर होते. हाताने थांबा म्हणाले, फोन संपवला आणि म्हणाले, "कसली परीक्षा?"

"परिपत्रक होतं साहेब. पायथन."

"हां, ते. ते वरून आलं होतं म्हणून काढलं. संगणक बाहेरची कंपनी बसवून देणार आहे, सगळं आतच घालून. तुमचं नाव टाकलंय मी कक्षात. गुडघ्यांचं म्हणत होतात ना मागे?"

मागे म्हणजे कधीतरी चहाच्या वेळी. एवढंच पुरलं होतं.

तर मला खुर्ची मिळाली. फिरती आहे, फक्त डावीकडे फिरते. खिडकीही मिळाली, पण एसी बसवताना ती प्लायवूड ठोकून बंद केली. संगणक नवा, आणि त्याच्यावर चिकटवलेली सूचना अशी: 'कोणत्याही सेटिंगला हात लावू नये.' अजगर आत आधीपासून आहे म्हणतात. मी त्याला अजून एकदाही हाक मारलेली नाही. माझं काम एका पडद्यावरचे आकडे बघून दुसऱ्या पडद्यावर भरायचं. शेजारच्या खुर्चीवर रोखपालबाई आहेत. त्यांची खुर्ची दोन्हीकडे फिरते.

"तुम्ही कशा हो आलात वर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "मी ते परिपत्रक वाचलंच नाही."

मध्ये बरेच दिवस गेले आणि पक्ष्यांचं पुस्तक छापून घरी आलं. प्रेसने एक प्रत भेट पाठवली होती. बायकोने ओल्या हातांनी पाकीट घेतलं नाही. हात पुसून आली, टेबलाशी बसली आणि पहिलं पान उलटलं. लेखक, चित्रकार, मुद्रक, कागद. मांडणी. पुढे त्या दुसऱ्या मांडणीकारांचं नाव. तिने त्यावरून बोट फिरवलं, शाई सुकली की नाही ते बघायची तिची सवय आहे. मग एकेक पान उलटत राहिली. मी तिच्या मागे उभा होतो, पेपर न घेता.

सुतारपक्ष्याच्या पानावर ती थांबली.

"हा जरा डावीकडे सरकवलाय त्यांनी," ती म्हणाली. "झाड सुटलं त्याच्या हातून." आणि पुस्तक मिटून कपाटात ठेवलं, पाठ भिंतीकडे करून.

लॅपटॉप परत आला नाही. प्रेस तिला आता कागदावर मुद्रितं तपासायला पाठवते. त्याला पासवर्ड लागत नाही.

तेव्हा आता बेरीज करून टाकतो. मेव्हण्याला त्याचा पुरावा मिळाला. घरी आला की आता तो पंख्याकडे बघत नाही, थेट माझ्याकडेच बघतो. नानांना त्यांचं वाक्य मिळालं, आणि जिन्यात भेटेल त्याला ते पूर्ण हकिकतीसह ऐकवतात. साहेबांना परिपत्रक काढल्याचं श्रेय मिळालं. रोखपालबाईंना, काही न करता, दोन्हीकडे फिरणारी खुर्ची. मला डावीकडे फिरणारी. इतकी सगळ्यांची जमा झाली, म्हणजे ती कोणीतरी भरली असणार. म्हणून शेवटी, जागा नव्हती तरी समासात, बायकोचा रकाना आखला.

या सबंध प्रकरणात तिचं नाव एकाच ठिकाणी लागलं, ते तिथे. खर्चाच्या बाजूला.